आपली खोली

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टीचा कागद घेऊन आला. अंगणाच्या मधोमध उभा राहून त्याने विचारलं, "मालक कोण इथले?" सहाही दारं उघडी होती, दारांत माणसं होती, आणि जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बघत होता. शेवटी दोन नंबरचे तावडे म्हणाले, "मालक वारले."

"ते ठाऊक आहे. आता कोण?"

तावड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, आहेत, पण त्या रत्नागिरीकडे गावी गेल्या आहेत, पुतण्याकडे. शिपायाने कागद माझ्या हातात दिला. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे कागद माझ्याकडे नीट राहतात असा चाळीचा समज आहे. तो अजून माझ्या टेबलावर आहे. 'मालकाचे नाव : विश्राम बाबाजी धामणस्कर.'

वाचताना ते नाव मला परक्या माणसाचं वाटलं. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. ही चाळ त्यांनी बांधली, पण 'माझी चाळ' असं ते कधी म्हणाले नाहीत. 'आपली चाळ', 'आपली विहीर', 'आपल्या कौलांना यंदा दोन वासे बदलावे लागतील.' मला वाटायचं, ही कोकणातल्या माणसाची बोलायची साधी रीत आहे. तशी ती होतीच. पण त्या एका शब्दापायी अप्पांची राहायची जागा गेली, आणि तो शब्द कागदावर मी लिहिला होता.

अप्पा खाडीकाठच्या मिठाच्या वखारीत वजनं बघायला होते. बुटके, काळेसावळे, पायांना भेगा इतक्या की चालताना पाय जमिनीला खरवडतात असं वाटे. वखारीला लागून शेठने त्यांना एक खोली दिली होती. नोकरी संपली की खोली सोडायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मूलबाळ नव्हतं. म्हणून साठ सालाच्या पुढेमागे, भाईंदरला अजून भातशेती आणि मिठागरंच जास्त होती तेव्हा, त्यांनी मुर्ध्याच्या वाटेवर जमिनीचा तुकडा घेतला आणि गाठीचं सगळं आणि काकींच्या पाटल्या घालून सहा खोल्या बांधल्या. पाच भाड्याने द्यायच्या आणि सहावी, पश्चिमेच्या कोपऱ्यातली, म्हातारपणी आपल्याला. त्या खोलीला त्यांनी दोन खिडक्या ठेवल्या होत्या. मोरीचा उंबरा काकींच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम अर्धी वीट खाली घेतला होता.

मी आईला घेऊन जागा शोधत आले, तेव्हा याआधीच्या तीन मालकांनी मला एकच प्रश्न विचारला होता. मागे पुरुषमाणूस कोण? अप्पांनी माझ्या दोन्ही ट्रंकांकडे पाहिलं आणि विचारलं, "यात काय आहे?"

"पुस्तकं."

"सगळ्यात?"

"दोन्हींत."

ते काळजीत पडले. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "मग बाई, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आपली भिंत चांगल्या स्वभावाची नाही."

ती खरोखरच चांगल्या स्वभावाची नव्हती. गवंड्याने खाडीची रेती वापरली होती, आणि हे अप्पांना कळलं तेव्हा भिंती छपरापर्यंत गेल्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात आतून लोणा फुटला. गिलाव्यावर पांढरी बुरशी यावी तसं मीठ यायचं, रंग पापुद्र्यांनी गळायचा. अप्पा आले, बोटाने थोडं काढलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं न करता म्हणाले, "शेठच्या वखारीपेक्षा स्वच्छ आहे." आम्ही सगळे हसलो. मग खराट्याने भिंत झाडून, चुन्याचे दोन हात देऊन गेले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. आयुष्यभर दुसऱ्याचं मीठ जोखलेल्या माणसाच्या स्वतःच्या भिंतींना मीठ फुटावं, यावर ते कधी चिडले नाहीत. फक्त दरवर्षी चाखून बघायचे, जणू या वेळी काही वेगळं निघेल.

खारं वारं लोखंड खायचं. बिजागऱ्या, कड्या, खिळे, काही टिकायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी अप्पा तेलाचं डबडं आणि कोंबडीचं एक लांब पीस घेऊन यायचे. एक नंबरपासून सुरू करायचे. पीस तेलात बुडवून प्रत्येक बिजागरीवर फिरवायचे, दार चारदा उघडझाप करून कान लावायचे, घरच्यांची विचारपूस करायचे. भाडं मागायची त्यांची पद्धत एवढीच होती. ज्याने त्याने आपण होऊन हातात ठेवायचं. ज्याला जमत नसे तो गप्प राही, आणि अप्पा बिजागरीकडे बघत पुढच्या दाराकडे सरकत. तावड्यांना हे पक्कं कळलं होतं. ओढगस्तीच्या महिन्यात ते लांबूनच हात जोडायचे, "अप्पा, आमची बिजागरी अजिबात वाजत नाही हो या महिन्यात!"

"नाही वाजत?" अप्पा म्हणायचे. "मग पुढच्या खेपेला दोनदा तेल देऊ."

सहा बिऱ्हाडं म्हटल्यावर रोज काहीतरी असायचंच. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायचं, रहाटाचा दोर तुटायचा, संडासाची टाकी भरायची, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी वखारीपर्यंत चालत जाऊन अप्पांना हाक मारायचं. टाकी उपसायला माणूस मिळेना तेव्हा त्यांनी तीन दिवस गावोगाव हिंडून एक गाडी आणली, आणि ती आली नेमकी एक नंबरमध्ये बारसं होतं त्या दिवशी. लोक त्यांच्यावर चिडले. ते म्हणाले, "खरं आहे, खरं आहे," आणि अंगणात रांगोळीच्या जागी फिनेल शिंपडत राहिले.

एकदा तावड्यांनी न विचारता मागच्या भिंतीत खिडकी फोडली. मागचं छप्पर त्या बाजूला बोटभर खचलं. अप्पांनी त्या भोकाच्या कडा हाताने चाचपल्या.

"विचारायचंत तरी, तावडे."

"अहो अप्पा, भिंत आपलीच आहे ना? तुम्हीच म्हणता."

अप्पांनी मान हलवली. म्हणाले, "आपलीच आहे," आणि छपराला टेकू द्यायला बांबू आणायला गेले.

कोपऱ्यातली सहावी खोली सुरुवातीला बंद असायची. अप्पांच्या निवृत्तीला तेव्हा सात-आठ वर्षं होती. पण बंद खोलीला खार लवकर खातो. वर्षभरातच तिच्या खिडक्यांचे गज फुगले, दार चौकटीत अडकलं, छपरात उंदीर शिरले. तावडेच म्हणाले, "माणूस वावरल्याशिवाय जागा टिकत नाही. चांगलं कोणीतरी ठेवा तोवर." अप्पांना ते पटलं. त्याच सुमारास सबनीस नावाच्या एका गृहस्थांचं पोस्टकार्ड आलं. विमा कचेरीत कारकून, सोबत म्हातारी आई, गिरगावातली जागा सोडावी लागतेय, कोणीतरी आपलं नाव सुचवलं. पत्र फार शालीन होतं.

अप्पा चौथीपर्यंत शिकलेले. उत्तर लिहायला माझ्याकडे आले. उंबऱ्यावर बसले आणि सांगू लागले. "लिहा बाई. सबनीससाहेबांना नमस्कार. आपली खोली आहे, संकोच नसावा. आईंना घेऊन यावे. सावकाश राहावे."

मी लिहिलं. मग विचारलं, "मुदत घालू का? तुमची नोकरी संपेपर्यंत, असं?"

"ते मी तोंडी सांगेन."

"कागदावर असलेलं बरं."

अप्पांनी जीभ चावली. "अहो, माणूस अजून आला नाही, त्याला जायचं कधी ते आधीच कसं लिहायचं? बरं दिसत नाही."

मलाही ते बरं दिसलं नसतं. मी पत्राखाली त्यांची सही घेतली आणि घडी घातली. 'आपली खोली आहे' या वाक्यावर माझी नजर क्षणभर थांबली होती, हे मला आठवतं. वर्गातल्या मुलींच्या वहीत असतं तर मी खाली रेघ मारली असती. आपली म्हणजे कोणाची? पण अप्पांच्या तोंडचा शब्द बदलावासा वाटला नाही.

सबनीस आले. माणूस खरंच सज्जन होता. पहिल्या रविवारी अप्पांनी पीस तेलात बुडवायच्या आत पाकीट हातात ठेवायचे. अप्पांनी त्यांना तोंडी सांगितलं, आणि त्यांनीही "हो हो, अर्थातच" म्हटलं. त्यांच्या आई तिसऱ्या वर्षी मोरीत पडल्या आणि कंबरेखाली अधू झाल्या. त्या खाटेवरूनच अप्पांना म्हणायच्या, "तुमचा हा उंबरा म्हणून मी जगले हो. अर्ध्या विटेने उंच असता तर डोकंच फुटलं असतं." अप्पा खूश व्हायचे. काकी गुडघे चोळत बाहेर जायच्या.

मग नोकरी संपली. शेठ वाईट नव्हता, त्याने चार महिने जास्त दिले. पण नवा माणूस बायकामुलांसह येऊन बसला तेव्हा शेठ म्हणाला, "अप्पा, अब कमरा तो देना पड़ेगा ना. तुम्हारी तो खुद की चाल है, तुमको क्या चिंता."

अप्पा सबनीसांकडे गेले. मी दारातच पुस्तकाला पुठ्ठा घालत होते, त्यामुळे ऐकू येत होतं.

"सबनीससाहेब, तो विषय."

"हो अप्पा. मी शोधतोय. रोज शोधतोय. पण पागडीशिवाय कोणी दारात उभं करत नाही. आणि आईला बघून सगळे नाही म्हणतात." मग सबनीसांचा आवाज, "अप्पा, तुम्हीच सांगा, मी कुठे जाऊ?"

अप्पा "बघा, बघा काही जमतं का," असं म्हणत बाहेर आले आणि हातात डबडं नसतानाच सवयीने दाराची बिजागरी बोटाने चाचपून गेले.

असं वर्ष गेलं. वखारीची खोली सोडल्यापासून अप्पा आणि काकी विहिरीमागच्या खोपटात राहायला आले होते. जादा कौलं, चुना आणि बांबू ठेवायला बांधलेलं ते खोपट. उभं राहिलं तर डोकं छपराला लागे. अप्पा बुटके होते, त्यांना चाले. काकी उंच होत्या.

मुर्ध्याहून मासळी घेऊन येणारी हिराबाय टोपली उतरवून बघतच राहिली. "अप्पा, चाल तुजी हाय ना? मंग तूच भायेर?"

"आत जागा न्हाय ग," अप्पा तिच्याच बोलीत म्हणाले.

"सा खोल्या हायत, न् जागा न्हाय? कसली रं तुजी मालकी?" ती हसली. मग काकींचं तोंड बघून हसायची थांबली आणि न मागता चार बोंबील जास्त टाकून गेली.

कोणीतरी वकील सुचवला, आणि खोली परत मिळावी म्हणून ठाण्याच्या कोर्टात अप्पांचा अर्ज झाला. तारखा पडत राहिल्या. सबनीस आणि अप्पा तारखेला एकाच गाडीने जायचे, कारण दुसरी सोयीची गाडी नव्हती. सबनीस अप्पांना खिडकीजवळ बसवायचे. येताना दोघं मिळून सबनीसांच्या आईसाठी मोसंबी घ्यायचे.

अडीच वर्षांनी पत्र पुढे आलं. सबनीसांच्या वकिलाने ते मोठ्याने वाचलं. "आपली खोली आहे, संकोच नसावा, सावकाश राहावे. हे तुमचंच?"

"होय साहेब."

"आपली म्हणजे कोणाची?"

"आपली."

"म्हणजे सबनीसांची?"

"नाही साहेब. आपली." अप्पांनी हात छातीवर ठेवला आणि मग तोच हात सबनीसांकडून, वकिलाकडून, अगदी न्यायाधीशांपर्यंत फिरवला. मागच्या बाकांवर हशा पिकला.

आमच्या वकिलांनी त्यांना सावरायचा प्रयत्न केला. "अप्पा, स्पष्ट बोला. माझी खोली, म्हणा."

अप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले, "बांधली मीच, साहेब." आणि थांबले.

पत्र माझ्या अक्षरात होतं म्हणून मला बोलावलं होतं. सबनीसांच्या वकिलाने फार आदराने विचारलं, "बाई, आपण मराठी शिकवता. 'आपली' या शब्दाचा अर्थ कोर्टाला सांगाल?"

मी सांगितलं. समोरच्या माणसाची, आदराने. किंवा बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची, दोघांची मिळून. बोलताना पुष्कळ माणसं स्वतःच्या वस्तूलाही तसंच म्हणतात.

"लेखी पत्रात, वरच्या ओळीत 'साहेब' असताना?"

"तिथे समोरच्याची असा अर्थ होतो. पण अप्पांच्या बोलण्यात..."

"एवढं पुरे, बाई."

मी खरं तेच सांगितलं होतं. खाली उतरताना पायरी चुकले.

निकाल विरुद्ध गेला. आमचे वकील म्हणाले की शब्दाचं विशेष काही नव्हतं, न्यायाधीशांनी त्याचा ओझरता उल्लेख केला. मुदत कुठेच लिहिलेली नव्हती, भाडं वेळेवर येत होतं, आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि ज्याच्या मालकीच्या आणखी पाच खोल्या आहेत त्याला नेमकी हीच का हवी, असा प्रश्न होता. ते बरोबर असेल. मला मात्र अजून तो शब्दच ऐकू येतो.

गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. सबनीस थोडे दूर उभे होते, जिंकलेल्या माणसासारखे अजिबात दिसत नव्हते. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मग आता काय म्हणायचं? व्याकरणात कसं बसतं?"

"काय?"

"खोलीला. आपली म्हटलं तर चालेल ना अजून?"

ते थट्टा करत होते की विचारत होते, मला कळलं नाही. मी म्हटलं, "चालेल, अप्पा."

आता एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि ती लिहायला मला तीन दिवस लागले. चाळीत पाच खोल्या आणखी होत्या. त्यांतली एक माझी होती. आम्ही सगळे अप्पांसाठी हळहळत होतो. तावड्यांच्या बायकोने काकींना वर्षभर विहिरीचं पाणी भरून दिलं. मी एकदा म्हटलं, "अप्पा, तुम्ही दोघं आमच्याकडे या, आपण पडदा लावू." अप्पा म्हणाले, "तुमच्याकडे पुस्तकं आहेत, बाई." मी पुन्हा म्हटलं नाही. खोली सोडून जाते, असं मी म्हटलं नाही. माझ्याही घरात म्हातारी आई होती, आणि एकट्या बाईला जागा देणारा दुसरा मालक मला माहीत नव्हता. सबनीस जे बोलले होते तेच आम्ही पाचही जण मनात बोलत होतो, एवढंच. अप्पांनी आमच्यापैकी कोणालाही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय केलं असतं, हे न कळण्याची सोय त्यांनी आम्हाला करून दिली.

काकी एकदाच बोलल्या, माझ्याशीच, तांदूळ निवडता निवडता. "सहा दारं केली यांनी. आणि तेल घालायला फिरतात अजून."

ते खरं होतं. पहिल्या रविवारी अप्पा येतच राहिले. सहा नंबरलाही.

गेल्या वर्षी वैशाखात, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, त्यांनी कौलं चाळायला काढली. पावसाआधी दरवर्षी ते काम करायला माणूस लावायचे, पण त्या वर्षी माणूस न सांगता दुसरीकडे गेला आणि अप्पा स्वतःच शिडीवर चढले. पासष्टी ओलांडलेली. तावडे ओरडले, काकी ओरडल्या. "आपलं छप्पर आहे, मला ठाऊक आहे ते कुठे गळतं," असं म्हणून ते चढलेच. एक नंबरपासून करत करत दुपारपर्यंत सहा नंबरवर पोचले.

कौलं सरळ करताना एक माणूस आत लागतो. आतून वर बघायचं, जिथे उजेड दिसेल ती जागा सांगायची. सबनीस कचेरीत गेले होते, आई खाटेवर झोपल्या होत्या. म्हणून मी आत गेले. इतक्या वर्षांत त्या खोलीच्या मध्यभागी मी पहिल्यांदाच उभी राहिले. दोन्ही खिडक्यांतून खाडीचं वारं येत होतं. मोरीचा उंबरा खाली होता, पाऊल सहज जाईल इतका. छपरात ठिकठिकाणी ऊन शिरलं होतं आणि जमिनीवर, खाटेवर, म्हातारीच्या चादरीवर कवडसे पडले होते.

"कुठे?" वरून आवाज आला.

"मधल्या वाशाच्या डावीकडे. हातभर."

कौल सरकल्याचा आवाज आला आणि जमिनीवरचा एक कवडसा विझला.

"आता?"

"खिडकीवर. दोन आहेत."

ते दोन्ही विझले. असं करत करत खोली हळूहळू काळोखी झाली. वर त्यांच्या भेगाळलेल्या पायांचा खरवडल्यासारखा आवाज सरकत होता. मध्येच तो थांबायचा, आणि बराच वेळ थांबायचा, आणि मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. कौलांमधूनसुद्धा ऐकू यायचा.

"बाई, आपल्या खोलीत अजून कुठे ऊन येतंय?"

एक राहिला होता. अगदी कडेला, मोरीच्या उंबऱ्यावर, पावलीच्या नाण्याएवढा. तिथवर जायला त्यांना छपराच्या टोकाशी यावं लागलं असतं.

"नाही, अप्पा," मी म्हटलं. "झालं सगळं. आता उतरा."

"नक्की?"

"नक्की."

शिडी करकरली. मी तिथेच उभी होते. म्हातारीने डोळे उघडले, छपराकडे पाहिलं, उंबऱ्यावरच्या त्या उन्हाकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले. दारातून मला फक्त अप्पांचे पाय दिसले, एकेक पायरी चाचपत खाली येणारे. खाली आल्यावर त्यांनी दार एकदा लोटून पाहिलं, कान लावला आणि विहिरीच्या बाजूला निघून गेले.